उपाशी दात्यांचं गाव

"जेवून आलात का?"

नोकरीभर मी हा एकच प्रश्न विचारत आले. लग्नाच्या पंगतीत यजमानसुद्धा इतक्यांदा विचारत नसेल. निवृत्त झाले तरी सवय जात नाही. परवा कुरिअरवाला दारात उभा होता, त्यालाही विचारलं, "जेवलास का रे?" पोरगं बिचकून म्हणालं, "मावशी, नुसती सही द्या."

मी धाराशिवला रक्तपेढीत तंत्रज्ञ होते. रक्तपेढी म्हणजे पेढीच. कुणी ठेवतं, कुणी नेतं. फरक एवढाच की ठेवणारा परत कधी मागायला येत नाही. दाता आला की त्याचं वजन करायचं, रक्तदाब बघायचा, बोटाला टोचून थेंबभर रक्त तपासायचं आणि अंगात पुरेसं असेल तरच दंडाला पट्टा बांधायचा. पिशवी भरली की लगेच कुणाला चढवता येत नाही, आधी रोगांच्या तपासण्या असतात. त्यातून पार पडलेलं रक्त फ्रीजमध्ये महिना-सव्वा महिना टिकतं. लोणच्यासारखं बरणीत घालून वर्षभर पुरवता येत नाही, हे मी किती पुढाऱ्यांना सांगितलं असेल. साहेबांचा वाढदिवस आला की आठवडाभर आमच्याकडे पिशव्या ठेवायला जागा नसते, आणि मे महिन्यात फ्रीज उघडला की नुसता दिवा दिसतो. साहेबांनी मे महिन्यात जन्माला यायला हवं होतं, असं मी एकदा एका कार्यकर्त्याला बोलले. त्यानं दोन वर्षं मला नमस्कार केला नाही.

आमच्या कामाचा एक नियम आहे. कुणाचं रक्त कुणाला गेलं, हे सांगायचं नाही. देणाऱ्यालाही नाही, घेणाऱ्यालाही नाही. एकदा एक आजोबा सुनेसाठी पिशवी न्यायला आले. पिशवी हातात घेऊन म्हणाले, "कुणाचं हाय?" मी गट सांगितला. "तसं न्हाय ओ, कुणाचं?" त्यांना काय विचारायचं होतं ते माझ्या ध्यानात आलं आणि माझं डोकं तापलं. म्हटलं, पिशवीवर गट लिहितात आजोबा, आडनाव लिहीत नाहीत. ते पिशवी धोतराच्या सोग्यात गुंडाळून छातीशी धरून गेले. दुसऱ्या दिवशी थोरल्या लेकाला घेऊन आले. म्हणाले, याचंही काढा, कुणालाही द्या. माणसं अशी असतात, म्हणून तर आमची पेढी चालते.

तर या नियमाला धरून मी पुढची नावं बदलली आहेत. गावाचंही नाव सांगणार नाही. तामलवाडीच्या पुढं आत वळलं की लागतं, एवढं पुरे.

आधी सारिकाचं सांगते. माकणीकडची पोर. घरात मेंढरं, बाप कळपामागं फिरणारा, म्हणून आईच तिला कडेवर घेऊन एसटीनं यायची. पहिल्यांदा आली तेव्हा सारिका चार वर्षांची होती आणि दोन वर्षांची दिसत होती. तिला थॅलेसेमिया. सोप्या भाषेत सांगायचं तर या लेकरांच्या अंगात धड रक्त तयार होत नाही. दुसऱ्याचं रक्त चढवलं की तीन-चार आठवडे पोर हसतं-खेळतं, मग पुन्हा कोमेजतं. असं जन्मभर. त्यात हिचा गट बी निगेटिव्ह. हा गट शोधायला निघालं की चपला झिजतात. आईबापाचं, मामाचं, कुणाचंच जुळत नव्हतं. आईला तारीखवार काही लागायचं नाही. ती पोरीची नखं बघायची. नखं पांढरी पडली की गाठोडं बांधून एसटी धरायची आणि आमच्या खिडकीशी येऊन विचारायची, "बाई, हाय का?"

हे "हाय का" ऐकलं की मी दात्यांची यादी काढून फोन फिरवायला बसायचे. घरच्या माणसासाठी रक्त देणारे पुष्कळ भेटतात, हॉस्पिटलात अडकलेला माणूस देतोच. पण दर महिन्याला, कुणाच्या तरी अनोळखी लेकरासाठी, न बोलावता कोण देणार? सारिका जगायची तर असा माणूस हवा होता. एक नव्हे, पाच-सात हवे होते, कारण एकदा दिलं की पुढं तीन महिने त्याचं घेता येत नाही.

आणि ही माणसं आम्हाला त्या गावात सापडली. तिथल्या पहिल्या शिबिरात गट तपासता तपासता माझा सहकारी ओरडला, "मॅडम, आणखी एक बी निगेटिव्ह!" एकाच भावकीतले चुलत-सख्खे मिळून चांगले सहा-सात जण निघाले. या भावकीचे दोन तट होते. बांधावरून कोर्टात गेलेले, एकमेकांच्या लग्नाकार्याला न जाणारे. एका तटाचा कर्ता दत्तू अण्णा. उंच, काळासावळा, तोंडानं कमी. खाटेवर पडताना त्यानं मला एवढंच विचारलं, "ह्याचा कुणाला उपेग व्हईल ना?" मी म्हटलं, होईल. मनातल्या मनात मी सारिकाच्या आईला निरोपही पाठवून टाकला होता.

पण ते शिबिर बघता बघता कोसळलं.

झालं असं, की शिबिर मंगळवारी, देवीच्या देवळात होतं. त्या गावात मंगळवारी औत धरत नाहीत, देवीचा वार. माणसं घरी सापडतात म्हणून आम्हीच तो वार निवडला होता. आता तुळजापूर तालुक्यात मंगळवारी माणसं औत का धरत नाहीत, हे कळायला डॉक्टर लागत नाही. अर्ध्या गावाला उपवास. त्यात सरपंचांनी दवंडीत "रक्तदान" म्हणून सांगितलेलं. दान म्हटल्यावर ते अंघोळ करून, देवाला दिवा लावून, उपाशीपोटीच करायचं, ही त्यांची पिढ्यान् पिढ्यांची रीत. पोट भरून दान करणं म्हणजे उष्टं देणं. त्यामुळं ज्यांना उपवास नव्हता तेही त्या दिवशी उपाशी आले. मी एकेकाला विचारत होते, जेवून आलात का? आणि एकूण एक माणूस सांगत होता, "व्हय बाई, पोटभर." नाही म्हटलं तर बाई परत पाठवतील, हे पहिल्या दोघांवरून त्यांनी ताडलं होतं. माझ्या उभ्या नोकरीत इतक्या चांगल्या माणसांनी एका दिवसात इतकं खोटं बोललेलं मी पाहिलं नाही.

मग एकेक जण आडवा व्हायला लागला. गडी माणसं भिंतीला टेकली, त्यांचं निभावलं. पण एक बाई खाटेवरून उठली, डोळे फिरवले, केस सुटले आणि देवळाच्या पायरीवर घुमल्यासारखी खाली बसली. झालं! बायकांनी हात जोडले. अंगात आलं म्हणून कुणी हळदीकुंकू आणायला पळालं, कुणी हलगी घ्यायला. मी जीव तोडून सांगतेय, अहो चक्कर आलीय, आडवं करा, पाय उंच करा! पण देवीचे पाय उंच कोण करणार? एक म्हातारा पुढं झाला, कपाळ टेकवलं आणि म्हणाला, "आई, काय मागतीस?" बाई अर्धवट शुद्धीत पुटपुटली, "पाणी."

एवढं पुरलं. देवीनं पाणी मागितलं, रगत नको म्हणाली. संध्याकाळपर्यंत ही बातमी पंचक्रोशीत गेली. खाटा गोळा करून आम्ही परत निघालो तेव्हा दत्तू अण्णा गाडीपर्यंत आला आणि खाटा वर चढवून गेला.

त्या दिवशीच्या पिशव्यांवर सारिकाचे दोन महिने निघाले, पुढचं इकडून तिकडून मिळवत गेलो. नंतर मी पुन्हा शिबिर मागितलं, तर सरपंच म्हणाले, मॅडम, माझी काय ना नाही, पण देवीच्या म्होरं कोण जाणार. मग आला मे महिना. सोलापूर, लातूर, सगळीकडे फोन झाले. ज्याच्या त्याच्याकडे ओरड. सोमवारी सारिकाची आई खिडकीशी आली. या वेळी तिनं "हाय का" विचारलंच नाही. पोर खांद्यावर मान टाकून पडली होती, ओठ पिठासारखे पांढरे, धाप लागलेली. डॉक्टरांनी तिला वॉर्डात घेतलं आणि मला म्हणाले, एक-दोन दिवसांत मिळायला हवं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. डॉक्टर, सिस्टर, खाटा, पिशव्या सगळं गाडीत घातलं आणि न बोलावता त्या गावी गेलो. पारावर माणसं बसलेली होती, सगळी ओळखीची. पाणी दिलं, चहाचं विचारलं आणि रक्ताचं म्हटलं की जो तो वरती आभाळाकडे बघायला लागला. शेवटी दत्तू अण्णा म्हणाला, "बाई, गिरजामायला इचारा. ती व्हय म्हणली तर आमी हावच."

गिरजामाय म्हणजे त्या गावची आराधीण. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर कुंकू, हातात परडी. मंगळवारी-शुक्रवारी पाच घरं जोगवा मागायची आणि त्या पिठाची भाकरी खाऊन उपवास सोडायची. देवीच्या बाबतीत गावात तिच्यापुढं शब्द नव्हता. मी तिच्या ओसरीवर जाऊन बसले. डोकं तापलेलं होतं, शहाणपणाचं काही सुचेना. जे होतं ते रडतच सांगून टाकलं. एक लेकरू आहे, त्याच्या अंगातलं रक्त संपत आलंय, आणि त्याला जुळणारं या गावात आहे.

"कुणाचं लेकरू?" तिनं विचारलं.

"ते सांगता येत नाही, माय. नियम आहे."

"गाव तरी?"

"तेही नाही."

ती परडीतल्या कवड्यांवरून हात फिरवत बसली. मला वाटलं, संपलं. मग म्हणाली, "आगं, मंग ह्यो जोगवाच हाय की. जोगवा मागताना आमी तरी कुटं सांगतो, कुणाच्या पोटात जाणार ते? आन् वाढणारी बी इचारत न्हाय." थोडं थांबून म्हणाली, "तवा ती पडली ती उपाशी होती म्हनून पडली व्हय?" मी म्हटलं, होय. "मला तवाच वाटलं. देवी आली की पाणी मागत न्हाय, तेल मागती." हे तिनं इतक्या गंभीरपणे सांगितलं की मला रडता रडता हसू आलं.

मग ती उठली आणि परडी माझ्या हातात दिली. म्हणाली, मागणारी तू हायस, तर जोगवा तूच माग. पीठ नको, भाकरीच माग. जोगव्याचं खाल्लं तर उपास सुटतो, मोडत न्हाय.

मी विज्ञानाची पदवीधर बाई, पांढरा कोट घातलेला, आणि भर उन्हात परडी घेऊन पाच दारांत उभी राहिले. खरं सांगते, पहिल्या दारात मी नुसतीच परडी पुढं केली. मागून गिरजामायच ओरडली, "आईचा जोगवा वाढा गं!" मग मात्र भाकऱ्या पडायला लागल्या. कुणी शेंगदाण्याची चटणी घातली, कुणी पिठलं, कुणी नुसता कांदा. पाच घरं झाली तरी बाया थांबेनात, दारातून पळत येऊन वाढू लागल्या. देवळापुढं सगळ्यांना बसवून गिरजामायनं पहिला घास आपण खाल्ला, दुसरा दत्तू अण्णाच्या हातावर ठेवला. म्हणाली, "खा. आईचं हाय." तो खाली मान घालून जेवला. मग त्याची भावकी जेवली. बांधावरून कोर्टात गेलेल्या दोन्ही तटांनी एका परडीतली भाकरी मोडली, त्याच दिवशी प्रथम. जेवण झाल्यावर दत्तू अण्णा खाटेवर पडला आणि मी सवयीनं विचारलं, जेवलात का? देवळात हशा पिकला.

रात्रीतून तपासण्या झाल्या. बुधवारी सारिकाला पिशवी लागली. दुपारी मी वॉर्डात डोकावले, तर पोरगी उठून बसली होती आणि आईकडे बिस्किट मागत होती. आई माझ्या पाया पडायला लागली. मी तिच्यावर ओरडले, माझ्या कशाला पडतेस, म्हणून. कुणाच्या पडायचं ते मात्र सांगता आलं नाही.

तेव्हापासून त्या गावात शिबिर मंगळवारीच होतं आणि त्याची सुरुवात जोगव्यानं होते. बी निगेटिव्हवाल्या भावकीनं आपसांत बारी लावून घेतली, विहिरीच्या पाण्याची लावतात तशी. या महिन्यात तुमचा गडी, पुढच्या महिन्यात आमचा. पाण्याची बारी चुकली म्हणून डोकी फुटतात हो आमच्याकडे, पण रगताची बारी या माणसांनी कधी चुकवली नाही. कापणी-मळणी असो, घरात कार्य असो, ज्याची बारी तो धाराशिवची एसटी धरायचा. ऑफिसच्या पायरीवर बसून फडक्यातली भाकरी खायचा आणि आत येऊन म्हणायचा, "खाल्लं बगा, इचारू नका." कोर्टातली केस मात्र चालूच राहिली. तारखेला दोन्ही तट वेगवेगळ्या गाड्यांनी जायचे.

दत्तू अण्णानं मला इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही, कुणाला गेलं म्हणून. रक्त देऊन उठला की एवढंच, "मागचं लागलं का कामाला?" मी म्हणायचे, लागलं. "बास," म्हणायचा आणि टोपी घालून जायचा. मी सत्कार पाहिले, शाली पाहिल्या, पिशवी भरायच्या आधी फोटो काढून घेणारे पाहिले. या माणसाच्या "बास"पुढं मला ते सगळं फार थिटं वाटतं. हळहळ एकच आहे. अशी बारी लावणारी भावकी प्रत्येक लेकराच्या वाट्याला आली नाही. काही आया खिडकीशी यायच्या बंद झाल्या, आणि का, ते मला ठाऊक आहे. त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर मला पुढं लिहिता येणार नाही.

सारिका मोठी झाली. किरकोळच राहिली, डोळ्यांत थोडी पिवळसर झाक, पण जिभेला धार. धाराशिवला कॉलेजात शिकते. रक्त घ्यायला आली की सिस्टर लोकांना दम देते, नीट टोचा म्हणून. यंदा तिनं हट्टच धरला, मॅडम, पायरीवर भाकरी खाणाऱ्यांच्या गावचं शिबिर मला एकदा बघायचंय. मी नाही म्हटलं. तिला कधी काही सांगितलेलं नव्हतं, पण पोर बावळट थोडीच आहे. शेवटी म्हणाली, मी एक शब्द बोलणार नाही, नुसतं काम करीन. मी निवृत्त झाले असले तरी त्या गावच्या शिबिराला मलाच बोलावतात, त्यामुळं नेण्याचा अधिकार माझा होता. मी तिला घेऊन गेले.

गिरजामाय दोन वर्षांपूर्वी गेली. परडी देवळात खुंटीला असते. मंगळवारी ती मी घेते, पण आता माझे गुडघे पायऱ्यांना कुरकुरतात. सारिकानं न विचारता परडी माझ्या हातातून घेतली. चार घरं झाली. पाचवं घर दत्तू अण्णाचं.

अण्णा ओट्यावर बसला होता. मिशा पांढऱ्या झाल्यात, पण रक्तदानाच्या वयोमर्यादेत अजून बसतो. त्याच्या कारभारणीनं परडीत भाकऱ्या ठेवल्या. मी पुढं निघाले, तर सारिका जागची हलेना. ती अण्णाकडे बघत होती. मग म्हणाली, "अण्णा, जेवलात का?"

"व्हय, पोटभर," अण्णा म्हणाला. सवय, दुसरं काय.

सारिका ओट्यावर बसली. परडीतली एक भाकरी घेतली, मधून मोडली आणि अर्धी त्याच्या हातात दिली. "माझ्यासमोर खावा."

अण्णा हसला. म्हणाला, ही तर रगतवाल्या बाईंपरीस कडक हाय. पण खाल्ली. खाता खाता त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि उरलेल्या अर्ध्या भाकरीकडे बोट केलं. "ती तू खा. लई वाळलीस." दोघं ओट्यावर बसून कोरडी भाकरी चावत राहिली. मी दुसरीकडे बघत उभी राहिले, कारण माझे डोळे ऐकेनात.

देवळाकडे जाताना सारिका पुढं गेली होती. अण्णानं मला सहज विचारलं, "कुणाची म्हनायची ही लेक?"

"सांगता येत नाही अण्णा," मी म्हणाले. "नियम आहे."

बोलून गेले आणि जीभ चावली. लेक कुणाची हे सांगायला कसला आलाय नियम? अण्णा चालता चालता थांबला. पुढं परडी घेऊन चाललेल्या सारिकाकडे बघत राहिला. उपरण्यानं तोंड पुसलं, देवळात गेला, खाटेवर पडला आणि बाही वर केली. सिस्टर दंडाला पट्टा बांधत होती. शिबिरातली पिशवी एकाच मापाची असते, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे. तरी माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "बाई, आज जरा मोठी पिशवी लावा."